आधी ग्राउंड आखा, मग बिल्डिंग : कॉलनीतल्या शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी म्हटलं होतं की शाळेच्या बांधकामाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मेल इतके आले की सगळ्यांना जागा देणं शक्यच नाही. ट्रस्टी आहेत, शिक्षक आहेत, शाळेसमोर राहणारे आहेत, आणि एक नववीतली मुलगीसुद्धा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय कारण गावाप्रमाणे ऊन-पाऊस बदलतो आणि उत्तरही बदलतं.

प्रश्न (नाशिक) : ताई, आमच्या संस्थेला कॉलनीत साधारण एक एकराचा चौकोनी प्लॉट मिळालाय. पश्चिमेला रस्ता, उत्तरेला आणि पूर्वेला रो-हाऊसेस, दक्षिणेला महापालिकेचं गार्डन. पहिली ते दहावी, दोन-दोन तुकड्या करायच्या आहेत. आर्किटेक्टनी प्लॉटच्या मधोमध बिल्डिंग दाखवलीय, रस्त्याकडून पूर्ण काचेची. बाकी ट्रस्टींना ती फार आवडलीय पण मला काहीतरी खटकतंय, नेमकं काय ते सांगता येत नाहीये.

उत्तर : खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय. बिल्डिंग मधोमध टाकली की चारी बाजूंना नुसते पट्टे उरतात, प्लॅनवर त्याला ओपन स्पेस म्हणतात पण मुलांना त्याचा उपयोग काहीच नाही, तिथे पुढे स्कूटर लागतात, जनरेटर बसतो, मोडके बाक येऊन पडतात. एवढ्या प्लॉटवर मी तरी आधी ग्राउंड आखीन आणि उरलेल्या जागेत बिल्डिंग बसवीन.

हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन तुकड्या गुणिले दहा इयत्ता म्हणजे २० वर्ग, वर्गात ४० मुलं धरली तर ८०० मुलं, म्हणजे सगळा प्लॉट धरून एका मुलाच्या वाट्याला ५४ चौरस फूट येतात. सीबीएसईचा नियम आहे की वर्ग कमीत कमी ५०० चौरस फुटांचा हवा आणि एका मुलामागे निदान १ चौरस मीटर जागा हवी, तुमची शाळा स्टेट बोर्डाची असली तरी हे माप धरायला हरकत नाही. २० वर्गांचे झाले १०,००० चौरस फूट, त्यात लॅब, लायब्ररी, ऑफिस, स्टाफरूम, टॉयलेट, जिने, कॉरिडॉर असं सगळं मिळवलं की माझ्या अंदाजाने २७,००० च्या आसपास जाईल. तळमजला अधिक दोन मजले केले तर जमिनीवर ९,००० चौरस फूट लागतात, म्हणजे प्लॉटचा फक्त पाचवा हिस्सा. तरीही मधोमध बांधलं की ग्राउंड मिळत नाही, कारण खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, कबड्डीला १३ बाय १०, आणि पट्ट्यात यातलं काहीच नीट बसत नाही.

आता तुमच्या प्लॉटवर असं करून बघा. वर्गांची लांब विंग उत्तरेच्या कडेने, पूर्व-पश्चिम अशी आडवी टाका. खिडक्या उत्तरेला, कॉरिडॉर दक्षिणेला ग्राउंडकडे. दुसरी छोटी विंग रस्त्याच्या बाजूने म्हणजे पश्चिमेला, आणि तिच्यात जिने, टॉयलेट, स्टोअर, लॅब, ऑफिस असं सगळं टाका, म्हणजे पश्चिमेचं ऊन आणि रस्त्याचा आवाज दोन्ही तिथेच अडतात आणि वर्गांपर्यंत पोचत नाहीत. चारही बाजूंना फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी ६ मीटर सोडले तरी आग्नेयेला साधारण ४० बाय ४० मीटरचं सलग ग्राउंड मिळतं, आणि पलीकडे गार्डन असल्याने ते डोळ्याला आणखी मोठं वाटतं. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या विंगची सावली ग्राउंडवर पडायला लागते, पीटीचे तास तेव्हा ठेवता येतात.

कॉरिडॉर १० फुटांचा करा, यावर मात्र अडून बसा. खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यात आधी कॉरिडॉरवर कात्री चालते, १० चा ८ होतो आणि ८ चा ६. पण उन्हाचं गणित बघा, नाशिकला डिसेंबरात दुपारी बाराचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो, वर्षातलं सगळ्यात तिरकं ऊन ते, आणि १० फुटी कॉरिडॉर असेल तर तेही फरशीवरच थांबतं, वर्गाच्या भिंतीला जेमतेम टेकतं. उन्हाळ्यात तर सूर्य जवळजवळ डोक्यावर, मग ऊन आत यायचा प्रश्नच नाही. शिवाय १० फूट असले की तिथे डबा खाता येतो, पावसात लंगडी खेळता येते, दोन मुलांना कोपऱ्यात घेऊन बाईंना गणित समजावता येतं. उत्तरेच्या खिडक्यांना दीड-दोन फुटांचे छज्जे द्या, कारण मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत नाशिकला दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, बरेच जण हे विसरतात.

काचेचं म्हणाल तर पश्चिमेला काच म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर पडदे ओढून, ट्यूब लावून, एसी चालवून बसायचं, आणि लाईट गेली की वर्ग बाहेर काढायचे. ट्रस्टींना हे असंच सांगा. आणि पूर्वेच्या रो-हाऊसेसच्या बाजूला फायर ब्रिगेडची वाट सोडून झाडांचा अरुंद पट्टा, परसबाग अशी शांत कामं ठेवा, गोलपोस्ट तिकडे नको, नाहीतर बॉल त्यांच्या अंगणात आणि रोज भांडण.

प्रश्न (डोंबिवली) : आमच्या सोसायटीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर शाळा होणार असं कळलंय. प्लॅनमध्ये आरक्षण होतं हे आम्हाला माहीत होतं, पण आता खरंच काम सुरू होणार म्हटल्यावर सगळे घाबरलेत. सकाळी-दुपारी व्हॅन, रिक्षा, आईबाबांच्या गाड्या, दिवसभर माईक. विरोध करावा का?

उत्तर : विरोध करू नका असं मी मनापासून सांगेन. विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण असलेला प्लॉट खरंच शाळेसाठी वापरला जातोय ही चांगली गोष्ट आहे, कितीतरी आरक्षणं वर्षानुवर्षं कागदावरच राहतात. आणि मुलांना चालत जाता येईल अशी शाळा हवी हे तर शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच आहे, पहिली ते पाचवीला १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत. तेव्हा "शाळा नको" म्हणण्यापेक्षा "शाळा अशी हवी" म्हणा, आणि पाया खणायच्या आधी म्हणा, कारण नंतर गेट हलवता येत नाही.

सगळी भानगड गेटचीच असते. गेट रस्त्याला चिकटून असलं की शाळा सुटताना सगळी गर्दी रस्त्यावर येते. त्यांना सांगा की गेट प्लॉटच्या आत ७-८ मीटर घ्या, म्हणजे पुढे शाळेच्याच जागेत एक पडवीसारखी मोकळी जागा होते, वर साधं छप्पर, कडेने बसायला कट्टा. आजी-आजोबा, आया तिथे थांबतात, पावसात भिजत नाहीत, आणि रस्ता मोकळा राहतो. व्हॅन आणि बसचं गेट वेगळं, गाड्या आत येऊन एकाच दिशेने फिरून बाहेर पडतील अशी वाट, आणि चालत येणाऱ्या पोरांची वाट तिला कुठेही आडवी जाता कामा नये. दोन्ही गेटं जवळजवळ असली तरी चालेल, पण वाटा एकमेकींना कापायला नकोत. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, त्या समितीबरोबर एक मीटिंग तुमच्या सोसायटीनेही मागून घ्या. प्राथमिकची सुटी आणि माध्यमिकची सुटी यात २० मिनिटांचं अंतर ठेवलं तरी गर्दी बरीच ओसरते, आणि याला पैसा लागत नाही.

आवाजाचं सांगायचं तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसा जाहीर झाला की तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, तुमच्या रहिवासी भागाच्या ५५ पेक्षाही कमी. म्हणजे या नियमाचा फायदा तुम्हालाही आहेच, हॉर्न आणि डीजेविरुद्ध बोलायला आधार मिळतो. परिपाठाच्या माईकसाठी गच्चीवर एक मोठा भोंगा लावण्याऐवजी ग्राउंडच्या कडेने खांबांवर छोटे स्पीकर, तोंड आत आणि खाली, असं करायला सांगा. मधल्या सुट्टीतला पोरांचा आवाज मात्र येणार, तो यायलाच हवा, त्याला कोणी बंद खिडक्यांचा उपाय सांगू नये.

आणि एक गोष्ट मागून घ्या, संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी ग्राउंड कॉलनीतल्या मुलांना खुलं. त्यासाठी प्लॅनमध्येच ग्राउंडला वेगळं छोटं गेट, वर्गांकडचा भाग बंद करता येईल असं शटर, आणि बाहेरून जाता येईल असं एक टॉयलेट आणि नळ, एवढं लागतं. हे नसलं की मुख्याध्यापक नाही म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर असतं, चाव्यांची जबाबदारी कोण घेणार. पॅरिसमध्ये २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणं उखडून तिथे माती, झाडं, सावली करायचं काम चाललंय, आणि त्यातली बरीच अंगणं सुट्टीच्या दिवशी वस्तीला खुली असतात. डोंबिवलीत मोकळी जागा किती कमी आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं.

प्रश्न (सांगली जिल्हा) : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नवी बिल्डिंग काही मिळणार नाही. दोन खोल्या स्लॅबच्या, दोन पत्र्याच्या. पत्र्याच्या खोल्यांत मार्चनंतर बसवत नाही आणि स्लॅबच्या खोल्यांत आवाज इतका घुमतो की मागच्या पोरांना कळतच नाही. थोडक्या पैशात काही होईल का?

उत्तर : सर, बरंच होईल. आधी घुमण्याचं बघू. वर्ग रिकामा असताना मधे उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. आवाज मागे रेंगाळला तर समजायचं की भिंती, फरशी, स्लॅब सगळंच कडक आहे आणि आवाज शोषणारं काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गासाठी हे रेंगाळणं साधारण ०.६ सेकंदापर्यंतच असावं असं सुचवलंय, आपल्या रिकाम्या सिमेंटच्या खोल्या त्याच्या फार पुढे असतात. उपाय साधा, मागच्या भिंतीवर आणि एका बाजूच्या भिंतीवर मुलांच्या डोक्याच्या उंचीपासून वर सॉफ्टबोर्ड लावा, त्यावर जाडसर सुती कापड किंवा गोणपाट. मुलांची चित्रंही तिथेच लागतात. थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी, भराभर पेटतात. बाकांच्या पायांना रबरी टोप्या घातल्या की ओढायचा आवाज जातो, तो रोजचा किती त्रास असतो हे शिकवणाऱ्यालाच माहीत.

पत्र्याचं म्हणाल तर पत्रा तापतो आणि ती उष्णता सरळ खाली डोक्यावर येते, म्हणून पत्रा आणि पोरं यांच्यामध्ये काहीतरी हवं आणि त्या मधल्या पोकळीतून वारा जायला हवा. आफ्रिकेत बुर्किना फासो देशात गांदो नावाच्या गावी फ्रान्सिस केरे या आर्किटेक्टने २००१ मध्ये आपल्याच गावासाठी शाळा बांधली. मातीच्या विटांच्या भिंती, विटांचंच छत, आणि त्याच्या बरंच वर उचलून धरलेला पत्रा, मधून वारा खेळतो. गावकऱ्यांनीच बांधली ती. त्याला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२२ मध्ये केरेंना प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मोठा मान. तुमच्याकडे उलटं करा, पत्र्याच्या खाली फूट-दीड फुटावर बांबूच्या तट्ट्यांचं छत, आणि पत्र्याखालच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या, म्हणजे गरम हवा तिथल्या तिथे बाहेर. तट्ट्यांना आगरोधक द्रावण मारून घ्या आणि वायरिंग त्यांच्यापासून लांब, पाइपातून. पत्र्यावर वरून पांढरा उष्णतारोधक रंग, स्लॅबवर जमलं तर चायना मोजॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर, नाहीतर दर उन्हाळ्यात चुना, दोन्हींचा फरक हात लावून कळेल.

अजून एक. ट्यूबलाइट खिडकीच्या भिंतीला समांतर ओळीत लावा आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण द्या. खिडकीजवळची ओळ दिवसा बंद, आतली चालू. आणि फळ्याला लागून खिडकी असेल तर तिला झडप नाहीतर पडदा लावा, तिच्या उजेडामुळेच फळा चकाकतो आणि पोरं माना वाकड्या करून बघतात.

प्रश्न (सातारा) : मी नववीत आहे. आमच्या शाळेचं मुलींचं टॉयलेट ग्राउंडच्या पार मागच्या कोपऱ्यात आहे, तिकडे जायला भीती वाटते आणि कडी पण नीट लागत नाही. आम्ही बऱ्याच जणी दिवसभर पाणीच पीत नाही. हे कोणाला सांगायचं असतं?

उत्तर : तू विचारलंस ते फार बरं केलंस, आणि हे पानभर छापायला हवं असं मला वाटतं. आधी तुझ्यासाठी, पाणी पीत जा गं, दिवसभर न पिण्याने आणि लघवी धरून ठेवण्याने इन्फेक्शन होतं, घरी आईला हे सांग. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि तिच्यात आठवीपर्यंतचे वर्ग असतील तर शाळा व्यवस्थापन समिती असतेच, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊणभर पालक असतात आणि निम्म्या बायका असायला लागतात. दोघी-तिघींच्या आयांनी मिळून त्या समितीला लेखी अर्ज द्यायचा. नुसतं "टॉयलेट खराब आहे" लिहू नका, काय हवं ते लिहा : आतून लागणारी कडी, दप्तर-ओढणी अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, बादलीत नाही तर नळाला पाणी, दिवा, आणि दाराच्या समोर आडोशाची भिंत.

आणि जे नवी शाळा बांधतायत त्यांच्यासाठी. मुलींचं टॉयलेट कोपऱ्यात ढकलू नका. प्रत्येक मजल्यावर, जिन्याजवळ, जिथून बाईंची ये-जा असते तिथे ठेवा. स्वच्छ विद्यालय मोहिमेत साधारण ४० मुलांमागे एक युनिट असं प्रमाण धरलंय, पण मुलींच्या बाजूला मी त्याहून जास्त देईन, कारण मधली सुट्टी छोटी असते आणि रांग मोठी. वास येतो म्हणून लांब ठेवलं असं सांगतात. वास येतो तो उजेड, वारा आणि पाणी नसल्यामुळे, लांब नेल्याने तो काही कमी होत नाही, फक्त मोठ्यांना येईनासा होतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. शाळेने रॅम्प बांधलाय पण तो इतका चढा आहे की शिपाईकाकांना ढकलतानाही दम लागतो. पाचवीपासूनचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. शाळेला नेमकं काय मागू?

उत्तर : माप मागा. रॅम्पचा उतार १ ला १२ हवा, म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब. बऱ्याच ठिकाणी दोन फुटाला आठ-दहा फुटांत उरकतात, नुसतं दाखवायला. दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली चेअर वळवता येईल इतकी सपाट जागा, आणि पावसात घसरणार नाही अशी खरबरीत फरशी. रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या आणि स्कूटर ठेवायच्या नाहीत हे तिथे लिहूनच लावायला सांगा.

वरच्या मजल्याला रॅम्प करू नका, १२ फूट चढायला १४४ फूट लांबी लागते, ती कुठून आणणार. लिफ्ट होईपर्यंत साधा मार्ग म्हणजे त्याची तुकडी खाली घ्यायची. वर्ग हलवणं हा टाइमटेबलचा प्रश्न आहे, बांधकामाचा नाही, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. मुलाला एकट्याला ऑफिसशेजारी खाली बसवून शिकवू असं कोणी म्हटलं तर तयार होऊ नका, अख्खी तुकडी खाली यायला हवी. टॉयलेटचं दार ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं, आत दीड मीटरचा गोल फिरेल इतकी जागा. दारांचे उंबरे काढायचे. आणि गेटपासून ग्राउंडच्या कडेने एक पक्की सपाट वाट, म्हणजे मॅच चालू असताना तोही बाऊंड्रीवर असेल, खिडकीत नसेल.

प्रश्न (चिपळूण) : आमच्याकडे पावसाचे चार महिने ग्राउंड वापरताच येत नाही. तळमजला मोकळा ठेवून वर्ग वर घेतले तर?

उत्तर : कल्पना छान आहे, तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पोरांनी चार महिने खोलीत बसायचं का. पण नुसते खांब आणि वर भरलेले मजले असं करू नका. भूकंपात अशी बिल्डिंग खालच्या मजल्यातच मोडते, २००१ मध्ये अहमदाबादला खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगा अशाच पडल्या, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. तळमजल्यावर काही ठिकाणी जाड आरसीसी भिंती लागतील, त्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून डिझाइन करून घ्या. त्याहून सोपं म्हणजे बिल्डिंगला लागून वेगळी उंच शेड, चारी बाजूंनी मोकळी, छप्पर कडेने दीड-दोन मीटर बाहेर काढलेलं म्हणजे झड आत येत नाही. वाशिष्ठीचा पूर लक्षात ठेवून जोत्याची उंची मात्र आधी ठरवा, आणि लायब्ररी, कॉम्प्युटर, रेकॉर्ड हे सगळं पहिल्या मजल्यावर.

प्रश्न (अहिल्यानगर) : चोऱ्या होतात म्हणून आम्ही सगळ्या खिडक्यांना पक्के गज बसवतोय, मागचा जिनाही कुलूप लावून बंद असतो. पालक तक्रार करतायत. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : हो, शंभर टक्के बरोबर आहे. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेत आग लागली, स्वयंपाकाच्या जागेतून शाकारलेल्या छपराला, आणि बाहेर पडायला एक अरुंद जिना. ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सगळ्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम पाळणं बंधनकारक केलं. शाळा भरलेली असताना मागच्या जिन्याचं कुलूप काढलेलंच हवं, आजपासूनच. दोन जिने एकमेकांपासून लांब, दीड मीटर रुंद, पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही, वर्गाचं दार कॉरिडॉरकडे उघडणारं, जिन्याखाली रद्दी नाही. गज ठेवा, पण प्रत्येक वर्गात एका खिडकीचा गज आतून उघडेल असा बिजागरीचा करा. चोरीसाठी लॅब आणि ऑफिसला शटर लावा, वर्गात चोरण्यासारखं असतं काय?

प्रश्न (पुणे) : मी आर्किटेक्चरला आहे, थिसिसला शाळा घेतलीय. काय बघू?

उत्तर : पुण्याजवळ लवळ्याला अवसरा अकॅडमी आहे, केस डिझाइन या आर्किटेक्ट मंडळींनी केलेली मुलींची निवासी शाळा, जमिनीखालच्या नळ्यांतून थंड हवा आत आणि उष्ण हवा वरून बाहेर अशी रचना आहे तिथे, परवानगी काढून जरूर बघ. जैसलमेरजवळची राजकुमारी रत्नावती शाळा, डायना केलॉग यांची, लंबगोल अंगण आणि दगडी जाळ्या. टोकियोजवळ ताचिकावाला तेझुका आर्किटेक्ट्सचं फुजी किंडरगार्टन, २००७ चं, त्याचं छप्पर म्हणजेच पोरांना गोल गोल पळायची जागा, आणि जुनी झाडं न तोडता छपरातून वर आलेली. आणि दिल्लीच्या विन्यास संस्थेत कबीर वाजपेयी यांनी बिल्डिंग ॲज लर्निंग एड, म्हणजे बिल्डिंगच शिकायचं साधन, ही कल्पना मांडली तीही वाच, युनिसेफच्या मदतीने झालेलं काम आहे ते. दाराखाली फरशीवर कोनमापक काढायचा म्हणजे दार उघडताना अंश कळतात, असल्या साध्या गोष्टी. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आणि सरळ खांबाची सावलीच दिसत नाही, अंगणात एक सरळ खांब आणि फरशीवर खुणा इतकं केलं तरी वर्षभराचा भूगोल तिथे शिकवता येतो.

पण हे फोटो बघण्याआधी तुझ्या घराजवळच्या साध्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बस. पोरं कुठे जमतात, नळाशी रांग कशी लागते, मुली कुठे उभ्या राहतात, ते सगळं प्लॅनवर काढ. तुझ्या गाइडने हे मागितलं नाही तरी काढ.

प्रश्न (नागपूर) : ग्राउंडला पेव्हर ब्लॉक घालायचे की आर्टिफिशियल टर्फ? धुळीचा त्रास होतो. आणि झाडं कोणती?

उत्तर : दोन्ही नकोत. नागपूरच्या उन्हात टर्फवर पाय ठेवता येत नाही आणि पेव्हर ब्लॉक संध्याकाळपर्यंत धगधगत राहतात, शिवाय पाणी जमिनीत मुरत नाही आणि पडलं की गुडघे फुटतात. गेट आणि वाटेपुरते पेव्हर, बाकी ग्राउंड माती-मुरमाचंच. वरचा थर चाळलेल्या मुरमाचा, रोलर फिरवून, हलका उतार देऊन, कडेने चर. धूळ उडते ती मुरूम घट्ट नसल्यामुळे आणि कोरडा राहिल्यामुळे. हात धुवायच्या नळांचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून टाकीत घ्या, तेच संध्याकाळी ग्राउंडवर मारा आणि झाडांना द्या.

झाडं पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला दाट लावा, दुपारचं ऊन तिकडून येतं. कडुनिंब, करंज, बकुळ, आपटा, कांचन, आणि ग्राउंडच्या कोपऱ्यात एखादं जांभूळ, फरशीपासून लांब, नाहीतर डाग पडतात. गुलमोहर दिसायला सुंदर पण वादळात फांद्या मोडतात, पोरं बसतात तिथे नको. वड-पिंपळ भिंतीजवळ नकोत. कण्हेर आणि बिट्टी तर शाळेच्या आवारात अजिबात नकोत, दोन्ही विषारी आहेत, आणि बिट्टीच्या बियांनी पोरं खेळतात. मोठ्या झाडाभोवती पार बांधताना बुंध्यापाशी सिमेंट भरू नका, चारी बाजूंनी निदान दोन-दोन फूट माती उघडी ठेवा. तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू द्या, पहिला पाऊस झाला की शेणखत-माती भरून रोपं लावा, विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरते तोवर ती जमिनीत रुजलेली असतील, आणि प्रत्येक रोपाला ट्री-गार्ड लावायला विसरू नका, कारण पहिल्याच आठवड्यात क्रिकेट सुरू होतं.